व्यासांचा लेखनिक

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते श्लोकाला श्लोक लावून ताडून पाहिली गेली. अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ही कथाच नव्हती. म्हणून डॉ. वि. सी. सुकथनकरांनी संपादित केलेल्या आदिपर्वात (१९३३) ती मूळ संहितेत नसून परिशिष्टात आहे. मोडलेल्या दाताची लेखणी तर तिथेही नाही!

हे वाचून भाविकाने खट्टू व्हावे का? मला तसे वाटत नाही. मूळ संहितेत व्यास शिष्यांना शिकवतात, वैशंपायन जनमेजयाला सांगतात, सौती नैमिषारण्यात ऋषींना सांगतो. सारा व्यवहार मुखाने आणि कानाने. पुढे पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा एवढ्या ग्रंथाला लेखनिक कोण शोभेल, या विचाराने कोणाला तरी बुद्धिदात्याची आठवण झाली असावी, असे मी मानतो.

कथा मागाहून आली, पण तिच्यातली व्यासांची अट मोलाची आहे. काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, ४७ वर्षे या पंडितांनी ती पाळली. ही बुद्धिदात्याची उपासनाच म्हणायची.

मंगलमूर्ती मोरया!