अग्नीत उमलणारे अभ्रक

रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत अभ्रकाची जी परीक्षा सांगितली आहे, ती अग्निपरीक्षा आहे. निखाऱ्यावर टाकताच ज्याचे पापुद्रे सुटून उलगडू लागतात ते पिनाक, जे बेडकासारखा शब्द करीत उडते ते दर्दुर, जे सर्पासारखे फूत्कार टाकते ते नाग, आणि जे अग्नीत पडूनही निर्विकार राहते ते वज्र, असे चार भेद करून, औषधासाठी वज्राभ्रक तेवढे घ्यावे आणि बाकीची तिन्ही शरीरास अपायकारक म्हणून वर्ज्य मानावीत, असा ‘रसरत्नसमुच्चया’सारख्या ग्रंथांचा स्वच्छ निर्णय आहे. ज्या द्रव्याला पुटांमागून पुटे द्यावयाची, ते पहिल्याच आचेला विसकटून जाणारे असून भागणार नाही, हे त्या वैद्यांनी अचूक ओळखले होते. प्राचीनांचे वर्गीकरण लक्षणांवरून केलेले आणि आजचे घटनेवरून केलेले असल्यामुळे दोहोंचे तंतोतंत समीकरण मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. तरीही पिनाकाचे ते लक्षण वाचताना, आज पोलादाच्या कारखान्यापासून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांच्या पेटीपर्यंत वावरणाऱ्या व्हर्मिक्युलाइट या खनिजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कारण वैद्याने ज्या दोषासाठी अभ्रक टाकून दिले, नेमक्या त्याच दोषासाठी विसाव्या शतकाने डोंगर फोडून ते बाहेर काढले.

या खनिजाला त्याचे नाव मिळाले ते १८२४ साली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मिलबरी गावाजवळ सापडलेला एक अभ्रकासारखा दगड थॉमस वेब यांनी तापवून पाहिला, तेव्हा त्याच्या बारीक कणांतून वळवळत बाहेर पडणाऱ्या किड्यांसारख्या लांबट आकृती निघू लागल्या, आणि त्या दृश्यावरून, कृमी प्रसवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा आधार घेऊन, त्यांनी त्याचे नामकरण केले. ज्याने हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिला आहे त्याला हे नाव अतिशयोक्तीचे वाटणार नाही. काळपट तपकिरी, चपटा, नखाएवढा तुकडा तापल्या तव्यावर पडतो, क्षणभर स्वस्थ राहतो, आणि मग एकाएकी अंग टाकून, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा घडीघडीने लांबत, सोनेरी रंगाचा आणि हलका होऊन वाकतो.

यामागचे कारण पाणी हे आहे. मूळचे अभ्रक कोट्यवधी वर्षे भूगर्भातील उष्ण जलांच्या किंवा पावसापाण्याच्या संसर्गात राहिले म्हणजे त्याच्या पापुद्र्यांना बांधून ठेवणारे पोटॅशियम निघून जाते, आणि त्याच्या जागी मॅग्नेशियमचे कण आपल्याबरोबर पाण्याचे रेणू घेऊन वस्तीला येतात. हे पाणी दिसत नाही, हाताला लागत नाही, दगड कोरडा ठणठणीत वाटतो. परंतु त्याला अकस्मात प्रखर उष्णता दिली की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास उसंत मिळत नाही, आणि ती पापुद्र्यांना एकमेकांपासून लोटून देते. मंद आचेवर सावकाश तापवले तर वाफ कडेकडेने निसटते आणि दगड फारसा फुलत नाही. म्हणूनच कारखान्यांतून त्याला सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या झोतातून काही सेकंदांतच पार केले जाते. फुललेल्या मालाचे आकारमान मूळच्या आठ-दहा पटींपासून क्वचित तीस पटींपर्यंत वाढते, आणि घनमीटरभर मालाचे वजन शंभर किलोग्रॅमच्या आगेमागे येऊन ठेपते. पाणी निघून जाते, त्याची जागा हवा घेते. आणि त्या दोन पापुद्र्यांमधल्या रिकाम्या जागेचाच पुढचा सारा व्यापार आहे.

वेबनंतर जवळजवळ शतकभर हे खनिज संग्रहालयातील कुतूहलाची वस्तू म्हणूनच राहिले. अमेरिकेच्या वायव्येस, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, मॉन्टाना राज्यात कूटनी नदीच्या काठी लिबी नावाचे गाव आहे. १८८१ च्या सुमारास सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसांनी त्याच्या ईशान्येच्या डोंगरात हा दगड पाहिला होता. परंतु सोने नव्हे एवढे कळल्यावर त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात एडवर्ड ॲली नावाचा तेथलाच एक उद्योगी गृहस्थ एका जुन्या बोगद्यात मशाल घेऊन शिरला, आणि मशालीची झळ लागलेला भिंतीचा भाग फुगून तडतडू लागलेला त्याने पाहिला, अशी कथा त्या मुलखात सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, १९२० नंतरच्या दशकात ॲलीने ‘झोनोलाइट’ या नावाने हा माल बाजारात आणला, आणि एका ओसाड डोंगराचे जगातील या खनिजाच्या सर्वांत मोठ्या खाणीत रूपांतर झाले.

त्या थंड मुलखात घर ऊबदार ठेवणे हीच पहिली गरज होती. छताखालच्या माळ्यावर, तुळयांच्या मधल्या जागेत, पोत्यांतून हा सोनेरी माल नुसता ओतावयाचा आणि फळीने सपाट करावयाचा. गवंडी नको, सुतार नको. परंतु त्याचे खरे कर्तृत्व दिसले ते जेथे आगीशी रोजचा व्यवहार आहे अशा धंद्यांत. रसरशीत पोलाद भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतकामाच्या मोठ्या पात्रात, ओतले की त्याच्या उघड्या पृष्ठभागातून उष्णता झपाट्याने निघून जाते. त्यावर फुललेल्या व्हर्मिक्युलाइटचा थर पसरला की तो तरंगत राहतो आणि खालचा रस साच्यात जाईपर्यंत पातळ ठेवतो. घडाई करणाऱ्या लोहाराची गरज याच्याही पलीकडची आहे. हत्यारी पोलादाचा तापलेला तुकडा उघड्या हवेत टाकला तर तो वरून आधी निवतो, आतून मागाहून, आणि त्या ओढाताणीत कडक होऊन तडकतो. म्हणून आपल्याकडचे लोहार असा तुकडा राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवीत आले आहेत. व्हर्मिक्युलाइटने येथे राखेचेच काम केले, फक्त अधिक भरवशाने. काचेचे मणी घडवणारे कारागीरही तापला मणी याच्याच भांड्यात खुपसून ठेवतात, म्हणजे तो सावकाश निवतो व तडा जात नाही.

पुढे सिलिकेटच्या बंधकाने दाबून याच्या फळ्या होऊ लागल्या, त्या चुलीच्या आतल्या अस्तरापासून ॲल्युमिनियमच्या विद्युत्भट्ट्यांच्या बांधणीपर्यंत गेल्या. तिजोऱ्यांच्या दुहेरी भिंतींमध्ये दस्तऐवज वाचविण्यासाठी तो भरला गेला. आणि उंच इमारतींच्या पोलादी खांबांवर जिप्सम किंवा सिमेंटमध्ये मिसळून त्याचा गिलावा चढू लागला. पोलाद जळत नाही म्हणून ते आगीला दाद देत नाही, हा समज फार घातकी आहे. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळण्याच्या कितीतरी आधी, त्याचे निम्मे बळ सरलेले असते व वरच्या मजल्यांचा भार त्याला पेलवत नाही. गिलाव्याचा तो खडबडीत, ओबडधोबड थर आग विझवीत नाही. तो फक्त वेळ देतो, आणि त्या वेळात माणसे जिना उतरून खाली येतात.

या कीर्तीच्या काळातच लिबीच्या डोंगराने आपली दुसरी बाजू दाखविण्यास सुरुवात केली होती. तेथील शिरांमध्ये व्हर्मिक्युलाइटच्या जोडीने ट्रेमोलाइट जातीचे तंतुमय खनिज, म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच एक प्रकार, मिसळलेला होता. दगड चाळताना, सुकवताना, पोत्यांत भरताना उठणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जात होती. संध्याकाळी ते कपडे झटकीत घरी येत तेव्हा ती त्यांच्या बायकामुलांच्या श्वासात जात होती. १९५६ साली राज्याच्या आरोग्य खात्याच्या निरीक्षकाने गिरणीतील धुळीत ॲस्बेस्टॉस असल्याची आणि ती अपायकारक असल्याची लेखी नोंद केली. ती नोंद दफ्तरात राहिली. १९६३ साली खाण डब्ल्यू. आर. ग्रेस या मोठ्या कंपनीकडे गेली आणि १९९० पर्यंत चालू राहिली. गावातील खेळाच्या मैदानांवर, बागांच्या वाफ्यांत, परसातल्या मातीत खाणीचा टाकाऊ माल पसरला होता, आणि मुले त्यात खेळत होती.

मला या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग वाटतो तो हा की, दुसरीकडे याच काळात ॲस्बेस्टॉसच्या भीतीने जग त्याचा त्याग करू लागले होते, आणि अनेक ठिकाणी, फळ्यांत, गिलाव्यांत, गाड्यांच्या ब्रेकांच्या अस्तरांत, त्याच्या जागी निरुपद्रवी म्हणून व्हर्मिक्युलाइटचीच योजना होत होती. निवड चुकीची नव्हती. व्हर्मिक्युलाइट स्वतः दोषी नाही. दोष त्याच्या एका विशिष्ट शिरेत होता, आणि दक्षिण आफ्रिकेतील पालाबोरा येथल्या मालाला लिबीच्या मालाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. परंतु पोत्यावर शिरेचे नाव लिहिण्याची वहिवाट नव्हती, आणि ज्यांना शीर ठाऊक होती त्यांनी ते नाव गिऱ्हाइकाला सांगितले नाही. १९९९ साली सिॲटलच्या एका वृत्तपत्राने लिबीतील आजार व मृत्यू यांची कहाणी छापली तेव्हा देशाला जाग आली. २००२ साली गावाचा समावेश देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत झाला. २००९ च्या मे महिन्यात फौजदारी खटल्यात कंपनी व तिचे माजी अधिकारी ज्यूरीकडून निर्दोष ठरले. आणि त्यानंतरच्याच महिन्यात त्या देशाच्या पर्यावरण खात्याने लिबी येथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली, जे त्या खात्याने पूर्वी कधीच केले नव्हते.

आपल्या देशात हे खनिज तामिळनाडूतील सेवत्तूर येथे आणि आंध्रातील नेल्लोरच्या अभ्रकपट्ट्यात सापडते, आणि त्याच्या साठ्यांची व उत्पादनाची मोजदाद नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या वार्षिकांत होत असते.

आता जो उपयोग सांगावयाचा, तो आगीच्या कामाशी विसंगत वाटेल. पण त्याचे मूळ त्याच पापुद्र्यांत आहे. सर्प, सरडे आणि कासवे यांतील बहुतेकांची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी कठीण कवचाची नसून चामड्यासारख्या मऊ आवरणाची असतात, आणि ती भोवतालच्या मातीतून पाणी शोषून घेत वाढतात. माती कोरडी पडली तर अंडे सुरकुतते. फार ओली झाली तर श्वास कोंडून गर्भ मरतो. रानात ही निवड आई करते. अजगराची मादी तर अंड्यांना वेटोळे घालून बसते आणि अंग कापवून त्यांना ऊब देते. पॅरिसच्या प्राणिबागेत व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने १८४१ साली तिच्या वेटोळ्यांतली उष्णता तापमापकाने मोजली, तोवर थंड रक्ताचा प्राणी अंडी उबवतो ही गोष्ट विद्वानांना पटणेच कठीण होते.

परंतु पाळलेल्या प्राण्याची अंडी जेव्हा माणूस आईपासून वेगळी काढून पेटीत ठेवतो, तेव्हा हा सारा विवेक त्यालाच करावा लागतो. पूर्वी वाळू, शेवाळ, बागेतली माती असे काय हाताशी असेल ते वापरले जाई, आणि त्यांतली बुरशी पुष्कळदा अंड्यांवर चढे. भट्टीच्या झोतातून आलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये बुरशीला खाण्यासारखे काही नसते. तो पाणी धरून ठेवतो आणि हवाही खेळती ठेवतो. आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी किती आहे हे तराजूवर सांगता येते. व्हर्मिक्युलाइटच्या वजनाइतकेच पाणी, हा प्राणिपालकांचा प्रचलित शिरस्ता आहे, आणि काही सरड्यांसाठी ते त्याहून कमी ठेवतात. अमेरिकेतील कोलोरॅडोचे गॅरी आणि मेरी पॅकार्ड या दांपत्याने याच गुणाचा आश्रय घेऊन कासवांच्या अंड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वेगवेगळ्या ओलाव्याच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अंडी ठेवून, ओलसर घरट्यातली पिल्ले कोरड्या घरट्यातल्या पिल्लांहून मोठी निपजतात, हे त्यांनी दाखवून दिले. ओलाव्याचे असे नेमके मोजमाप बागेतल्या मातीने कधीच करू दिले नसते.

उष्णतेचा हिशेब याहून नाजूक आहे, कारण येथे नुसते जगणे-मरणे नव्हे, तर लिंगही तापमानावर ठरते. मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली आफ्रिकेतल्या सरड्यात हे प्रथम नोंदविले. १९८२ साली अमेरिकन ॲलिगेटर या मगरीच्या अंड्यांत ३० अंशांखाली साऱ्या माद्या आणि ३४ अंशांवर सारे नर निपजतात, असे आढळले. म्हणून उबवणीच्या पेटीत तापमापक अंड्यांच्या शेजारी, व्हर्मिक्युलाइटमध्येच रोवून ठेवतात. ज्या गुणामुळे तो लॅडलमधल्या पोलादाला लवकर निवू देत नाही, त्याच गुणामुळे तो अंड्याला तापमानाचे हेलकावे जाणवू देत नाही. अंडे ठेवताना त्याच्या माथ्यावर पेन्सिलीने एक लहानशी खूण करतात, कारण पहिल्या एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूच्या आवरणाला चिकटतो, आणि मग अंडे उलटे झाल्यास तो दगावतो. कोंबडीखालची अंडी रोज फिरविणाऱ्या आपल्या आयाबायांना हा नियम उफराटा वाटेल.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप, घोरपड, कासव घरात पाळण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या प्रेरणेने गावकऱ्यांनी २००२ पासून समुद्रकासवांची अंडी जतन करण्याचे जे काम हाती घेतले, त्यातही अंडी खणून कुंपणातल्या खड्ड्यांत पुन्हा पुरतात ती त्याच किनाऱ्याच्या वाळूत. त्या वाळूला पर्याय शोधण्याचे प्रयोजनच नाही. व्हर्मिक्युलाइट हे पेटीतल्या, घरट्यापासून तुटलेल्या अंड्याचे साधन आहे.

पोते उघडताना आता जाणती माणसे आधी त्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे धूळ उठत नाही. आणि माल कोणत्या खाणीचा, याचीही विचारपूस करतात. मग पेटीत तो पसरला जातो, अंगठ्याने खळगे केले जातात, आणि त्यांत पांढरी अंडी अर्धी बुडवून ठेवली जातात. दोन महिन्यांच्या आसपास एखाद्या सकाळी आवरणाला बारीक चीर दिसते. त्या चिरेतून ओले, काळेभोर तोंड बाहेर येते आणि पिल्लू तसेच, दिवस-दीड दिवस, पिवळ्या बलकाचा शेवटचा अंश पोटात जाईपर्यंत थांबून राहते. ते पूर्ण बाहेर आले म्हणजे त्याच्या ओल्या खवल्यांवर फुललेल्या अभ्रकाचे दोन-चार सोनेरी पापुद्रे चिकटलेले असतात.