आकोस्तार्से : कुशीवर वळलेलं क्रियापद

स्पॅनिशमध्ये 'आकोस्तार्से' म्हणजे झोपायला आडवं होणं. शेवटचं 'से' म्हणजे 'स्वतःला'. थोडक्यात, स्वतःच स्वतःला आडवं करायचं! वर्तमानकाळात 'मे आकुएस्तो' (मी), 'ते आकुएस्तास' (तू), 'से आकुएस्ता' (तो, ती), 'से आकुएस्तान' (ते). पण आम्ही? 'नोस आकोस्तामोस'. तुम्ही? 'ओस आकोस्ताइस'. 'उए' गायब, 'ओ' परत हजर!

शिकणाऱ्याला वाटतं, हा काय लहरीपणा... पण यामागे इतिहास आहे. मुळातला लॅटिन शब्द 'कोस्ता', म्हणजे बरगडी, कूस. इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य स्पेनमध्ये उतरलं, मागोमाग लॅटिन आली. पुढे कास्तीलच्या बोलीत ज्या ऱ्हस्व 'ओ'वर आघात पडायचा, तो फुटून 'उए' झाला. आघात नसलेला तसाच राहिला. म्हणून लॅटिन 'पोर्ता' (दार) स्पॅनिशमध्ये 'पुएर्ता' झालं. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये मात्र 'पोर्ता'च. 'आकोस्तामोस'मध्ये आघात पुढे 'ता'वर सरकतो आणि जुना 'ओ' वाचतो. नेब्रिहाने १४९२ मध्ये कास्तिलियनचं व्याकरण लिहिलं, तेव्हा हे सगळं लोकांच्या तोंडी कधीच रुळलं होतं.

तेव्हा नुसता तक्ता घोकू नका, आघात कुठे पडतो ते ऐका. आणि तक्रार कशाला? आपली 'कूस'सुद्धा 'कुशीवर' होताना ऱ्हस्व होतेच की!