डागणीची कुळकथा

घोड्याचा पाय अधू झाला की दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने रेघा ओढावयाच्या किंवा ठिपके उठवावयाचे, हा जो डागणीचा उपचार, त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती आज नांदत असलेल्या बहुतेक राजघराण्यांहून जुनी निघते. आणि पुष्कळ राजघराण्यांप्रमाणेच या उपचारानेही दुसऱ्याच्या पराक्रमाचे श्रेय दीर्घकाळ आपल्या नावे जमा करून घेतले, असे म्हणणे भाग पडते.

अग्नीची ही प्रतिष्ठा मूळची मनुष्यवैद्यकातील. सुश्रुताने अग्निकर्म हे क्षारकर्माहूनही श्रेष्ठ ठरविले, कारण अग्नीने शमविलेली व्याधी पुन्हा उद्भवत नाही अशी त्याची धारणा होती. ग्रीसमधील हिपॉक्रटीसच्या संप्रदायातही औषध हरले म्हणजे शस्त्र आणि शस्त्र हरले म्हणजे अग्नी, असाच क्रम मानला जाई. तेथून हा अग्नी तबेल्यात शिरला. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात व्हेजिशियसने लिहिलेल्या पशुवैद्यकावरील ग्रंथात तो आढळतो, आणि तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पदरी असलेल्या जॉर्डानस रुफसच्या ग्रंथातही आढळतो. अरबी मुलखातील बैतार काय किंवा १७९१ साली लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय निघेपर्यंतचा इंग्लंडातील नालबंद काय, घोड्याला नाल ठोकणारा आणि त्याला औषध देणारा इसम बहुधा एकच असे. त्याची भट्टी सदा पेटलेली असे, लोखंड हाताशी असे, आणि धन्याला काही तरी जालीम उपाय हवा असे. डागणी तबेल्यात इतकी रुजली, त्याचे निम्मे कारण या सोयीत आहे.

उरलेले कारण घोड्याच्या पायाच्या रचनेत सापडते. पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. नळीचे हाड, त्यामागून खाली उतरणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी, एवढाच संसार. भरधाव दौडीत यांपैकी मागची कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहूनही अधिक ताणली जाते, म्हणजे तुटण्याच्या सीमेजवळच तिचे काम चाललेले असते. तिचे तंतू तुटले की नळीमागे सूज येते, हाताला ऊन लागते आणि घोडा लंगडतो. रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती भरून येण्यास फार विलंब लागतो. म्हणून वरून दाह उत्पन्न करून रक्त त्या जागी ओढावे, असा डागणीमागील युक्तिवाद होता. भाजलेली कातडी आकसून पायाला कायमची पट्टी बांधल्यासारखी होते, असाही एक युक्तिवाद पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या विश्वासाने मांडला जाई.

मात्र डागलेल्या पायाच्या जखमा वाळेपर्यंत त्या घोड्यावर खोगीर चढविता येत नसे, आणि त्यानंतरही त्याला कित्येक महिने कुरणात मोकळा सोडण्याचा प्रघात होता. या सक्तीच्या रजेचा गुण लोखंडाच्या खाती मांडला गेला. आमच्याकडील शिवकालीन पागेचा बंदोबस्त या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पर्जन्यकाळी लष्कराने छावणीस यावे, तेथे दाणा, गवत आणि औषधे आगाऊ सिद्ध असावीत, आणि दसरा होताच कूच करावे, असा शिरस्ता सभासदाच्या बखरीत नमूद आहे. हेतू अर्थातच लष्करी व मुलकी सोयीचा. परंतु मोहिमेत झिजलेल्या पायांना त्यामुळे दर साल काही महिन्यांची विश्रांती मिळत असली पाहिजे, हे उघड आहे.

लोखंड आणि विश्रांती यांचा हिशेब अखेर १९८३ साली वेगळा झाला. ब्रिस्टल विद्यापीठातील इयान सिल्व्हर आणि त्यांचे सहकारी यांनी डागलेल्या व न डागलेल्या कंडरांची तुलना करून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, डागणीने कंडरा लवकरही सांधत नाही आणि बळकटही होत नाही. खरे काम वेळ आणि मोजकी चाल यांचे असते: प्रथम गार पाण्याची धार, पट्टी आणि ठाणबंद विश्रांती, मग लगाम हाती धरून रोज थोडे थोडे चालविणे, सोनोग्राफीत तंतू जुळताना दिसू लागले की ती चाल क्रमाने वाढविणे, आणि दुडकी व दौड त्याहून पुष्कळ पुढे. नवे तंतू आरंभी अस्ताव्यस्त पडतात व बेताच्या ओढीनेच सरळ रेषेत येतात, म्हणून नुसते बांधून ठेवणे जितके अपुरे तितकीच घाईने घातलेली रपेट घातक. या क्रमाला नऊ महिने ते वर्ष, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो; आणि सूज उतरली, लंगडणे थांबले, एवढ्यावरून पाय बरा झाला असे समजणाऱ्या धन्याचा घोडा बहुधा त्याच जागी पुन्हा अधू होतो. ज्यांच्या दावणीला घोडा आहे त्यांनी सालोत्र्याकडे जालीम उपाय न मागता मुदत किती लागेल हे विचारावे, आणि तो जी मुदत सांगेल तीत एका दिवसाचीही काटछाट करू नये.