मका शिजवायचाच कशाला?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, हा आकडा सगळे सांगतात. त्यासाठी बॉयलरमध्ये किती जळतं, ते मात्र कुणी बोलत नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

घरी कुरडया केलेल्यांना हे लगेच कळेल. गव्हाचा चीक कच्चा असेपर्यंत भांड्याच्या तळाशी बसतो. चुलीवर घोटला की फुगतो, चिकट होतो. कच्च्या स्टार्चचे कण इतके घट्ट रचलेले असतात की एन्झाइमला सहज आत शिरता येत नाही. म्हणून आधी शिजवायचं, मग त्याची साखर करायची, ही रीत पडली.

१८११ मध्ये रशियात किर्खहोफने स्टार्च आम्लात उकळून साखर केली. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये पायेन आणि पर्सोझ यांनी मोड आलेल्या जवातून हेच काम करणारा पदार्थ वेगळा काढला, त्याला 'डायस्टेज' नाव दिलं. पुढचा माणूस माझ्या आवडीचा: जोकिची ताकामिने. याचं आजोळ साके गाळणाऱ्यांचं. जपानात साकेसाठी भातावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात. ताकामिने १८९० मध्ये अमेरिकेत गेला आणि माल्टऐवजी ही बुरशी वापरून व्हिस्की करू लागला. माल्टवाले खवळले, त्याच्या कारखान्याला आगही लागली. पण १८९४ मध्ये त्याला बुरशीच्या एन्झाइमचं पेटंट मिळालं. पुढे 'टाका-डायस्टेज' पचनाचं औषध म्हणून खूप खपलं. व्हिस्की राहिली बाजूला!

तरी धान्य शिजवणं काही सुटलं नव्हतं. काळ्या कोजीची एन्झाइम कच्चा स्टार्चही पचवतात, यावर क्यूशू विद्यापीठात सेइनोसुके उएदा यांनी अनेक वर्षं काम केलं. यातल्या काही एन्झाइमना स्टार्चच्या कणाला धरून ठेवणारा एक वेगळा भाग असतो. तो कणाला चिकटतो आणि कण पृष्ठभागापासून पोखरला जातो. तेलाचे भाव भडकल्यावर जपानी कारखानदारांना याची किंमत कळली. २००४ च्या सुमारास अमेरिकेत ब्रॉइन (आताची पोएट) कंपनीने मक्यावर न शिजवता इथेनॉल काढायला सुरुवात केली.

फरक काय? नेहमीच्या पद्धतीत मक्याचं पीठ १०० अंशांच्या आसपास किंवा वर तापवतात, मग साठएक अंशांवर आणतात, मग यीस्टसाठी तिशीपर्यंत थंड करतात. म्हणजे आधी तापवायला खर्च, मग निववायला खर्च. कच्च्या पद्धतीत पीठ, एन्झाइम आणि यीस्ट तिशीलाच एकत्र.

ही जादू नाही, हेही सांगायला हवं. एन्झाइम जास्त लागतं, दळण बारीक लागतं. उकळी नसल्यामुळे जंतू मरत नाहीत, टाकी आंबट होण्याची भीती असते. शिवाय शेवटी अल्कोहोल गाळायला वाफ लागतेच, तिची बचत होत नाही.

आपल्याकडे अनेक कारखाने धान्याच्या डिस्टिलरीचा विचार करतायत. तुम्ही सभासद असाल तर सभेत ठराव आल्यावर एवढं विचारा: मका शिजवणार की कच्चा वापरणार, आणि लिटरमागे वाफ किती?