‘घरच्यासारखा’ ड्रायव्हर : सालगडी ते ट्रॅक्टर, आणि विम्याबाहेर राहिलेलं शेत

गेल्या ऊसहंगामात आमच्या भागातला एकोणीस वर्षांचा एक पोरगा ट्रॅक्टर उलटून गेला. रात्रीचे अडीच, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, कारखान्याच्या रस्त्यावरची अरुंद मोरी. सकाळी मी ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा शवविच्छेदन व्हायचं होतं आणि ट्रॅक्टरमालक झाडाखाली चार माणसांत उभे होते. मला म्हणाले, “अहो सर, ड्रायव्हर कसला, घरच्यासारखाच होता तो.”

वाक्य मायेचं वाटतं. पण दुपारी तेच वाक्य पोलिसांच्या जबाबात वेगळ्या रूपात उतरलं: मयत ओळखीचा असल्याने ट्रॅक्टर घेऊन गेला होता. पगार नाही, नेमणूक नाही, मालक-नोकर नातं नाही. एका ओळीत नोकरीच पुसली गेली आणि नोकरीसोबत भरपाईचा हक्कही. हे वाक्य त्या मालकाला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या पोरांना माहीत असायला हवा, कारण आज गावोगाव ट्रॅक्टरच्या सीटवर भूमिहीनांचीच पोरं बसलेली आहेत, आणि त्यात आपली बरीच आहेत.

आधी सालगडी बघू. पाडव्याला साल धरायचं, उचल घ्यायची, पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाच्या वाड्यावर राबायचं. या व्यवहाराची नोंद फक्त मालकाच्या वहीत, आणि वहीत लिहायचं कायम एकच: गड्याकडे येणे किती. मालकाकडून गड्याला देणे लागतं अशी बाजूच त्या वहीला नव्हती. बैलाने मारलं, साप चावला, विहिरीचं काम करताना दरड पडली, तर ते नशीब. उलट मेलेल्याची उचल भावाने फेडायची. महारकी-वतनाचं गणितही याहून वेगळं नव्हतं. काम सगळ्या गावाचं, जबाबदारी कोणाचीच नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच मुळावर घाव घालायला: काम कोणतं आणि त्याचा मोबदला किती, हे ठरलेलं असावं.

आता कायद्याकडे येऊ. इंग्लंडमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा झाला. कारखाना, रेल्वे, खाण अशा ठिकाणी कामावर जखमी झालेल्याला मालकाची चूक सिद्ध न करता भरपाई. शेतमजूर त्यातून वगळले होते, पण तीनच वर्षांत, १९०० साली, त्यांनाही तो लागू झाला. भारतात तोच विचार १९२३ साली कायदा म्हणून आला, म्हणजे इंग्रजांनी आपल्या शेतमजुराला आत घेतल्यानंतर २३ वर्षांनी. आणि इथे बैलावर, खुरप्यावर शेती करणारा माणूस मूळ यादीतून बाहेर राहिला. चहा-कॉफीच्या मळ्यातला पुढे आत आला, कारण तो मळा कंपनीचा. जोंधळ्याच्या रानातला बाहेर, कारण रान पाटलाचं. हा फरक अनवधानाने झाला असं मानायला मी तयार नाही. मालकवर्ग कायदेमंडळात बसलेला होता, सालगडी तिथे नव्हता.

या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात पुढे एक ओळ आली: ट्रॅक्टर किंवा वाफेच्या, यांत्रिक शक्तीच्या अथवा विजेच्या साधनांनी होणाऱ्या शेतीत कामाला असलेला माणूस. म्हणजे औत धरणारा नाही, पण ट्रॅक्टर चालवणारा आत आहे! माणूस तोच, रान तेच, मालक तोच. यंत्र आलं तेव्हाच कायद्याला त्याचा जीव दिसला. असो. मिळालेली ओळ आपण वापरलीच पाहिजे, आणि नेमकी हीच ओळ ‘घरच्यासारखा’ या शब्दाने पुसली जाते.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४४ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. पण तो हंगामी नसलेल्या कारखान्यांचा. साखर, गूळ, जिनिंग हे हंगामी म्हणून वगळले गेले. आपला माणूस नेमका तिथेच कामाला! शेतमजुराच्या वेतनाचं मात्र तसं झालं नाही. एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, आणि १९४८ साली झालेल्या कायद्याच्या अनुसूचीत शेती होती.

त्याहून मोठी गोष्ट १९४७ ची. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ आपण बहुतेक वेळा स्वतंत्र मतदारसंघ आणि वेगळ्या वसाहतींसाठी वाचतो, आणि आर्थिक कलमावरून घाईने पुढे जातो. त्या कलमात बाबासाहेबांनी दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातपात न पाहता अशी द्यावी की जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, आणि पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं यांचा भांडवली पुरवठा राज्याने करावा. दुसरी गोष्ट, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा.

शेती आणि विमा एकाच कलमात कशाला? एमए करताना मला हे जोडकाम विचित्र वाटलं होतं. रुग्णालयाच्या आवारात ते कळलं. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे गहाण ठेवायला फक्त स्वतःचा जीव असतो, आणि त्या जीवाची किंमत मालकाच्या वहीवर सोडायची नसेल तर ती राज्याने आधीच लिहून ठेवावी लागते. १९१८ च्या लहान शेतधारणांवरच्या निबंधातही बाबासाहेबांचं म्हणणं होतं की दुखणं नुसत्या तुकड्यांच्या आकारात नाही. भांडवलाची टंचाई आणि शेतीवर साचलेली जादा माणसं हे खरं दुखणं, आणि त्यावर इलाज औद्योगिकीकरण.

पुढे झालं काय? विम्याचं अर्धं ऐकलं गेलं. १९५६ साली आयुर्विमा सरकारी झाला, १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमाही. सक्ती मात्र माणसाच्या जिवाची झाली नाही, गाडीची झाली. शेतीचं तर काहीच ऐकलं गेलं नाही. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर देशात तयार होऊ लागला, बँका जमीन तारण घेऊन कर्ज देऊ लागल्या, आणि ज्याच्या नावे सातबारा त्याच्या दारात ट्रॅक्टर आला. त्याच १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड भूमिहीनांचा सत्याग्रह उभारत होते, आणि डिसेंबर १९६४ मध्ये पुन्हा. जमीन काही थोडी मिळाली, बहुतेकांना नाही. सालगड्याचा नातू ट्रॅक्टर चालवायला शिकला, एवढाच बदल. साल अजून पाडव्यालाच धरतात.

आता तरुण ड्रायव्हरचा खरा पेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायला १८ वर्षं लागतात, पण वाहतुकीचं वाहन चालवायला कलम ४ मध्ये २० ची अट आहे. मालकाच्या रानात नांगरणी केली तर ट्रॅक्टर शेतीचा. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून भाड्याने कारखान्याचा ऊस ओढला की विमा कंपनीचा वकील म्हणतो, ही वाहतूक झाली, पोरगा १९ चा, पॉलिसीची अट मोडली. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाचं लायसन्स वाहतुकीलाही चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. कामाचा निकाल आहे. पण वकिलाला भांडायला कलम ४ ची ओळ पुरते. शिवाय कायद्याच्या भाषेत ट्रॅक्टर हे स्वतः ओझं वाहणारं वाहनच नाही. मडगार्डवर बसलेला हेल्पर पडला, तर त्याच्यासाठी सीट नव्हती असं उत्तर येतं. आणि अपघात रानात झाला, तर ती सार्वजनिक जागा होती का यावर वर्षं जातात.

मालक म्हणतात, पोरांचा विमा परवडत नाही. हे खोटं आहे. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी पॉलिसीत जोडून घ्यायला हंगामातल्या एका खेपेच्या डिझेलएवढेही पैसे लागत नाहीत. मालकाच्या नावचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हाचा. तो दाखवून ‘विमा आहे ना’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

भरपाई कायद्याचा हिशोब तर वयाच्या बाजूने आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. वेतन १५,००० च्या वर असलं तरी १५,००० च धरतात. या पोराचं साल १,४४,००० वर ठरलं होतं, म्हणजे महिना १२,०००. निम्मे ६,०००, एकोणीस वर्षांचा गुणांक २२५.२२, रक्कम १३,५१,३२०. तोच माणूस पन्नाशीचा असता तर गुणांक १५३.०९, रक्कम ९,१८,५४०. पोरगा जितका कोवळा तितकी मालकाची जबाबदारी मोठी. म्हणूनच तरुण ड्रायव्हर नोकर म्हणून नको असतो, ‘घरचा’ म्हणून हवा असतो. मृत्यूच्या बाबतीत, वेगात होता, चूक त्याचीच, हा बचावही या कायद्यात चालत नाही. लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनी सुटली, तरी मालक सुटत नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर दंड. दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो.

सरकारचं काय, असं कोणी विचारेल. २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघाताची योजना आहे, दोन लाखांची. आधी अट सातबाऱ्यावर नाव असण्याची, नंतर खातेदाराच्या कुटुंबातला एक जण आत आला. शेतात मरणारा शेतकरी कोण, हे पुन्हा सातबाराच ठरवतो. त्या रात्री ट्रॅक्टरवर मालकाचा मुलगा असता तर अर्ज तरी झाला असता. ऊसतोड कामगारांसाठी आता महामंडळ आहे, पण आमच्या पोराची तिथे नोंद नव्हती. मालकाने करायची होती, म्हणे.

आम्ही भरपाई आयुक्तांपुढे दावा टाकला. त्याला दोन वर्षांची मुदत असते. मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं तर सहाच महिने, आणि दोन्हीकडे जाता येत नाही, एकच वाट निवडावी लागते. आमच्यापुढे सवाल एकच होता, नोकरी सिद्ध कशी करायची? मालकाचा जबाब पक्का, गावातले साक्षीदार गप्प. शेवटी पोराच्या आईने पेटीतून एक वही काढली. मालकाच्या वहीवर उचल लिहिली जाते तेव्हा पोरगा आपल्याही वहीत तारीख-रक्कम लिहून मालकाची सही घ्यायचा, ही सवय त्याला शाळेतल्या एका गुरुजींनी लावली होती. पाडव्याची उचल ४०,०००, पोळ्याला १०,०००, आणि दोन्हींपुढे सही. दिवाळीचे पैसे फोनवर आले होते, त्याची नोंदही सापडली.

मालकाच्या वकिलाने ती उसनवारी होती असं लिहून दिलंय. पुढची तारीख पाडव्यानंतरची आहे. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला, त्यावर नवा पोरगा आहे, आमच्याच वस्तीतला, अठरा पूर्ण झालेला. मी त्याच्या घरी जाऊन आलो. “मावशी, उचलीचा कागद केला का?” विचारलं. म्हणाल्या, नाही, मालक म्हणतात कागद कशाला, घरचाच आहे तो. दुसऱ्या दिवशी पोराला वही घेऊन पाठवला. सही अजून झालेली नाही.