'पारोएकिया' : धर्मग्रामाचें जुनें नांव

ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांतील कुटुंबें आणि कोलशेतच्या बाजूस उंच इमारतींत नव्यानें राहावयास आलेली मंडळी मिस्सेस एकाच बांकावर बसतात. तरी गांवचे कोण व बाहेरचे कोण, हा प्रश्न मनांतून सहसा जात नाहीं. म्हणून या ज्युबिली अंकांत आम्ही एका शब्दाचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपण ज्यास धर्मग्राम म्हणतों, त्यास लॅटिन भाषेंत 'पारोएकिया' हें नांव आहे. हा शब्द लॅटिनचा घरचा नव्हे; ग्रीक 'पारोइकिया' यावरून तो घेतलेला आहे. 'पारा' म्हणजे शेजारीं, 'ओइकोस' म्हणजे घर. संस्कृतांतील 'वेश', म्हणजे वसतिस्थान, हा 'ओइकोस'चा सख्खा भाऊच. आणि शेजारी या अर्थाचा 'प्रतिवेशी' हा शब्दही त्याच घडणीचा. मात्र ग्रीक नगरांत 'पारोइकोस' म्हणजे नुसता शेजारी नव्हे, तर नगरांत राहणारा, पण नागरिकाचे हक्क नसलेला परका. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत अब्राहाम पत्नीच्या दफनाकरितां हेब्रोन येथें जागा मागतांना स्वतःस हेंच नांव घेतो. पेत्राच्या पहिल्या पत्रांत ख्रिस्ती जनांचें पृथ्वीवरील आयुष्य म्हणजेच 'पारोइकिया', परक्या देशांतील मुक्काम, होय. पुढें हें नांव बिशपांच्या हाताखालील समाजास, व कालांतरानें त्याच्या एका भागास लागलें.

व्याकरण सोपें आहे. ग्रीकमध्यें शब्द स्त्रीलिंगी, लॅटिनमध्येंही स्त्रीलिंगी. 'ओइ'चा 'ओए' झाला, व शब्द पहिल्या वर्गांत चालूं लागला. द्वितीयेचें रूप 'पारोएकियाम्', जसें संस्कृतांत 'मालाम्'. पुढें 'पारोकिया' असेंही रूप रुळलें. सरकारी प्रवाशांस मुक्कामीं लांकूड व मीठ पुरविणाऱ्या रोमन 'पारोकुस'शीं त्याची गल्लत झाली असावी, असें पंडित मानतात. गंमत अशी, कीं धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूसही लॅटिनांत 'पारोकुस'च म्हणतात!

१९१७ च्या धर्मनियमसंहितेनें बिशपांच्या प्रांताचे हद्दीनुसार पाडलेले भाग म्हणजे पारोएकिया, असें सांगितलें. १९८३ च्या संहितेनें हद्द सोडली नाहीं. पण श्रद्धावंतांचा विवक्षित समाज, अशी तिची व्याख्या केली. आम्हांस ही दुसरी व्याख्या मूळ शब्दाच्या अधिक जवळची वाटते. कारण त्या शब्दांत जमिनीचा धनी कोणीच नाहीं.

ठाण्यांत १३२१ सालीं ज्या चार फ्रान्सिस्कन बंधूंनीं प्राणार्पण केलें, ते तोलेंतिनो, पादुआ, सिएना व तिफ्लिस अशा दूरच्या नगरांचे होते. ग्रीक शब्दाच्या मूळ अर्थानें ते चौघेही ठाण्याचे 'पारोइकोइ'. 'पारोइकोस'चें अनेकवचन असेंच होतें.