बॉलस्क्रूची आधार-बेअरिंगे

बॉलस्क्रूची आधार-बेअरिंगे ही मळसूत्राची टोके पेलून धरणारी आणि यंत्राच्या टेबलाकडून येणारा अक्षीय रेटा सांगाड्यापर्यंत पोहोचवणारी बेअरिंगे होत. हाताने चालणाऱ्या लहान मिलिंग यंत्राचे घरच्या घरी सीएनसी यंत्रात रूपांतर करताना मळसूत्रावर पुष्कळ खर्च होतो आणि बेअरिंगे मात्र हाती येतील ती बसवली जातात. तसे केल्यास उत्तम बॉलस्क्रूची अचूकताही वाया जाते, कारण मळसूत्रच पुढेमागे सरकत असेल तर नट कितीही घट्ट असला तरी टेबल स्थिर राहत नाही.

'६०००' मालिकेतील साधी खोल खाचेची बेअरिंगे मुख्यतः त्रिज्य भारासाठी असतात व त्यांत मुळातच थोडा अक्षीय ढिलेपणा असतो. म्हणून मोटरकडील टोकाला कोनीय स्पर्श असलेल्या बेअरिंगांची जोडी वापरतात. असे एक बेअरिंग एकाच दिशेचा अक्षीय भार घेते. दोन्ही दिशांसाठी जोडी अपरिहार्य ठरते. स्पर्शकोन जितका मोठा तितका अक्षीय ताठपणा अधिक. १५ अंशांची बेअरिंगे वेगवान स्पिंडलला शोभतात, घरगुती यंत्रास ३० किंवा ४० अंशांची पुरतात, तर खास बॉलस्क्रूसाठी घडवलेली ६० अंशांची बेअरिंगे महाग असतात. पाठीला पाठ लावून बसवलेली जोडी वाकवणाऱ्या बलाला अधिक दाद देत नाही. समोरासमोर बसवलेली जोडी रेषेतील किंचित चूक सहन करते. लॉकनट आवळून जोडीला पूर्वभार दिला की ढिलेपणा नाहीसा होतो. फाजील आवळल्यास मात्र बेअरिंग तापते.

दुसऱ्या टोकाला साधे बेअरिंग चालते, पण ते अक्षाच्या दिशेने सरकते ठेवावे लागते. ५०० मिमी लांबीचे पोलादी मळसूत्र १० अंश सेल्सिअसने तापले की सुमारे ०.०६ मिमी वाढते. ही वाढ अडवली तर बेअरिंगांवर नाहक ताण येतो.

१६ मिमी व्यासाच्या मळसूत्रासाठी 'बीके१२' व 'बीएफ१२' हे तयार ठोकळे सर्रास वापरले जातात. पहिल्यात १२ मिमी भोकाची '७००१' जोडी, दुसऱ्यात १० मिमी भोकाचे '६०००' बेअरिंग अपेक्षित असते. स्वस्त 'बीके' ठोकळ्यांत काही वेळा साधीच बेअरिंगे निघतात, तेव्हा ठोकळा उघडून आतील क्रमांक वाचणे इष्ट.

दोष शोधण्यासाठी डायल गेजचे टोक मळसूत्राच्या तोंडावर टेकवून टेबल हाताने पुढेमागे रेटतात. काटा हलला तर दोष बेअरिंगांत किंवा त्यांच्या बैठकीत असतो. काटा स्थिर राहून टेबल हलले तर नटात.